चाचणीच्या इनबॉक्समधली माणसं

अर्पिता मनवर नेमकं काय काम करते, हे आमच्या कॉलनीत कोणालाच धड सांगता यायचं नाही. पोरगी घरीच असते, दार लोटून कॉम्प्युटरपुढे बसते, मधूनच कानाला हेडफोन लावून पुण्याच्या लोकांशी बोलते, इतकंच सगळ्यांना दिसायचं. तिचे वडील नागोराव आणि मी दिग्रस डेपोत सोबत नोकरी केलेले. ते ड्रायव्हर, मी वाहतूक नियंत्रक. कोणी विचारलं की नागोराव म्हणायचे, "मेल तपासते पोरगी." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोस्टातलं काही काम असेल.

अर्पिता तेव्हा एकतीस वर्षांची होती. आई ती बारावीत असतानाच वारली. शाळेत होती तेव्हा बापाची गाडी येईपर्यंत ती माझ्या केबिनमध्ये दप्तर घेऊन बसायची आणि फळ्यावर एखाद्या गाडीची वेळ मी चुकीची लिहिली असली तर बोट लावून दाखवायची. दिग्रसच्याच कॉलेजात शिकली, पुण्यात पाच वर्षं नोकरी केली, लॉकडाऊनमध्ये परत आली. मग नागोरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती इथेच राहिली.

कामाचं मला तिनं एकदा नीट समजावलं होतं. त्या पुण्याच्या कंपनीनं एका खासगी लॅबसाठी वेबसाइट बनवली होती. गावोगावच्या केंद्रांत रक्त घ्यायचं, ते मोठ्या लॅबला पाठवायचं, आणि रिपोर्ट वेबसाइटवर चढवायचा. रिपोर्टमध्ये जिवावर बेतेल असा आकडा निघाला, तर केंद्राला आणि डॉक्टरला आपोआप ईमेल जायचा. त्याला 'तातडीची सूचना' म्हणायचे. वेबसाइट येण्याआधी लॅबमधला माणूस फोन करून सांगत असे. वेबसाइट आल्यावर त्याच्या स्क्रीनवर 'सूचना पाठवली' असं दिसू लागलं आणि फोन हळूहळू बंद झाले.

तो ईमेल खरोखर जातो का, नाव बरोबर येतं का, आकडा बरोबर येतो का, हे तपासायचं काम अर्पिताचं. ते ती हातानं करत नव्हती. तिनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. दर अर्ध्या तासानं तो चार खोटे रुग्ण तयार करायचा, 'चाचणी रुग्ण एक' ते 'चाचणी रुग्ण चार', आणि त्यांना मुद्दाम वाईट आकडे द्यायचा. मग ईमेल यायची वाट पाहायचा. ही चाचणी ज्या वेगळ्या कॉम्प्युटरवर चालायची, त्या टेस्टच्या मशीनवरून निघालेला कुठलाही ईमेल, त्याच्यावर पत्ता कोणाचाही असो, वळून एकाच इनबॉक्समध्ये यायचा, म्हणजे खोटी सूचना चुकून खऱ्या डॉक्टरला जायला नको. प्रोग्रॅम त्या इनबॉक्समध्ये आपले चार मेल शोधायचा, वाचून पाहायचा, आणि सगळं ठीक असलं की हिरवी खूण टाकायचा. शेवटी इनबॉक्स पूर्ण रिकामा करायचा, पुढच्या खेपेला गोंधळ नको म्हणून. ती रिकामी करायची ओळ अर्पिताच्याच हातची होती.

सप्टेंबरच्या चोवीस तारखेला लॅबनं आपल्या भागात अकरा नवी केंद्रं सुरू केली. महागाव-उमरखेडकडे काही, झरीकडे काही. त्यांच्यासाठी कंपनीनं वेगळा सर्व्हर, म्हणजे वेबसाइट चालवणारा कॉम्प्युटर, लावला. अर्पिताचा प्रोग्रॅम आधीसारखाच चालत राहिला, रोज हिरवा.

एक बारीक गोष्ट मात्र बदलली. प्रत्येक खेपेला किती मेल पुसले, ते प्रोग्रॅम एका ओळीत लिहून ठेवायचा. तिथे नेहमी चार असायचे. त्या आठवड्यात एके दुपारी तिला पाच दिसले. तिला वाटलं, एखादा मेल दोनदा गेला असेल. दुसऱ्या दिवशी एकदा सहा. तिनं नोंद करून वरच्या माणसाला पाठवली. त्याचं नाव रजत. टीमचा प्रमुख तोच, आणि माणूस तसा वाईट नव्हता. त्यानं उत्तर दिलं, 'टेस्ट पास होतेय ना? मग नंतर बघू.' मग दुसरं काम निघालं आणि ते राहून गेलं. 'दोनदा शंका आली आणि दोन्ही वेळा मी पुढे गेले,' हे तिनं मला नंतर स्वतःच सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

दसरा आला. आमच्या कॉलनीतली बौद्ध घरं त्या दिवशी दीक्षाभूमीला जातात. आदल्या दिवशीच दोन ट्रॅव्हल्स भरून माणसं नागपूरला गेली होती. नागोराव गुडघ्यामुळे राहिले आणि त्यांच्यासाठी अर्पिता राहिली. सकाळी दहालाच गल्ली सुनी पडली होती. ओट्यांवर कोणी नाही, नळाला गर्दी नाही, कुलपं लावलेली दारं ओळीनं. ऊन मात्र वैशाखासारखं तापलेलं. पुण्याचं ऑफिस बंद होतं, कोणी काम विचारणार नव्हतं, म्हणून तिला तो सहाचा आकडा आठवला. तिनं कॉम्प्युटर उघडला आणि ती पुसायची ओळ तेवढी बंद करून ठेवली. पाचवा मेल कुठून येतो ते आज दिसेल, असं तिच्या मनात होतं.

अकरा वाजता चार मेल आले. चाचणी रुग्ण एक, दोन, तीन, चार. ती बसून राहिली. साडेअकराला पुन्हा चार. बाहेर नागोराव ओट्यावर पेपर वाचत होते. अकरा चाळीसला एक मेल आला. ती वेळ तिच्या प्रोग्रॅमची नव्हती.

त्यात नाव होतं बबिता राठोड. वय सव्वीस. केंद्र फुलसावंगी. प्लेटलेट्स बारा हजार, जिथे दीड लाख तरी हव्यात. वर लाल अक्षरांत 'तातडीची सूचना', आणि पत्ता एका डॉक्टरचा आणि केंद्राचा. त्या दोघांना हा मेल मिळायला पाहिजे होता. तो अर्पिताच्या समोर पडला होता.

तिनं ते नाव तीन वेळा वाचलं. तिच्या खोट्या रुग्णांत बबिता नव्हती. असं गाव घातलेलं कोणीच नव्हतं. मग तिनं नव्या सर्व्हरची सेटिंग उघडून पाहिली. घाईत कोणीतरी टेस्टच्या मशीनची जशीच्या तशी नक्कल करून तो सर्व्हर उभा केला होता, आणि मेल वळवायची सेटिंगही सोबत आली होती. अकरा केंद्रांची प्रत्येक तातडीची सूचना चाचणीच्या इनबॉक्समध्ये पडत होती. लॅबच्या स्क्रीनवर 'पाठवली' असं दिसत होतं.

तिनं रजतला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला, मागे घरात माणसांचा आवाज होता.

"रजत, खरे मेल टेस्टच्या इनबॉक्समध्ये येतायत. नव्या सर्व्हरचे सगळे."

"आज दसरा आहे, अर्पिता."

"एक बाई आहे. प्लेटलेट्स बारा हजार आहेत. डॉक्टरला काहीच गेलेलं नाही."

तो आवाजापासून दूर गेला असावा, कारण मागचं बोलणं कमी झालं. "हे बघ, सेटिंग मी संध्याकाळपर्यंत बघतो. पण तू पेशंटला किंवा केंद्राला फोन करायचा नाही. आपण लॅबला तसं लिहून दिलंय. खरं तर ते नावच तुला दिसायला नको होतं."

"दिसलं पण."

"मी सरांशी बोलतो. सोमवारी बसू सगळे."

"सोमवारपर्यंत ती बाई राहील का?"

रजत पुन्हा म्हणाला, "मी सरांशी बोलतो," आणि फोन ठेवला.

ती बाहेर ओट्यावर आली. नागोरावांनी पेपर खाली केला. "काय झालं वं? तोंड काहून उतरलं तुह्यं?"

तिनं सांगितलं. मेल, इनबॉक्स हे त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी विचारलं, "कोन्त्या गावची बाई?"

"फुलसावंगी."

"त्या रस्त्यानं अकरा वर्सं गाडी नेली म्या. दवाखाना पाह्यजे तं पुसदलेच आनावं लागते मान्साले. घंटा-दीड घंटा तं जातेच." ते उन्हाकडे बघत होते. "फोन नंबर हाये का तिथचा?"

"केंद्राचा आहे. पण मी लावला तं माही नोकरी जाईन बाबा."

"जाईन," नागोराव म्हणाले. "लाव."

फुलसावंगीचं केंद्र भीमसिंग चव्हाण नावाचा माणूस चालवायचा. मेडिकलच्या दुकानामागची एक खोली, एक फ्रीज, एक खुर्ची. फोन उचलून तो आधीच म्हणाला, "ताई, आज केंद्र बंद हाये. दसरा."

"दादा, सकाळी बबिता राठोड नावाच्या बाईचं रक्त घेतलं का तुम्ही?"

"काल संध्याकाळी घेतलं. तापाची बाई हाये, तांड्यावरची. काहून?"

"तिच्या रिपोर्टची खबर तुम्हाले मिळाली?"

"नाही आली. म्हंजे चांगलंच असंल." त्याच्या आवाजात काळजी अजिबात नव्हती. "म्या सांगतलं तिले, मेल नाही आला तं घोर नाही करायचा. घरी जाऊन पडून राह्य."

अर्पितानं विचारलं, "दादा, तुम्ही सगळ्यांनाच असं सांगता का?"

"हो ना. लॅबवाल्यांनीच तसं सांगतलं. मेल आला तं पळा, नाही आला तं बसा."

तिनं त्याला आकडा सांगितला. भीमसिंग शिकलेला होता, बारा हजार म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. तो फक्त "अरे बापा" म्हणाला, आणि मग मोटारसायकलची किक ऐकू आली. तांडा सहा किलोमीटरवर, मधे नेटवर्क नाही.

त्यानंतरचे तीन तास ती खुर्चीवरून उठली नाही. नागोरावांनी ताट आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. बाराला चार खोटे मेल आले. बारा वाजून बावन्न मिनिटांनी एक खरा आला, उमरखेडकडचा एक म्हातारा, साखर बत्तीस, एवढी खाली की माणूस झोपेतच जाईल. तिनं त्या केंद्राला फोन लावला. दीडच्या सुमारास अजून एक. अडीचला अजून एक. प्रत्येक वेळी पलीकडचा माणूस आधी सण असल्याचं सांगायचा, मग म्हणायचा, मेल तर आला नाही. इनबॉक्सची घंटी वाजली की नागोराव ओट्यावरून आत बघत.

पावणेतीनला भीमसिंगचा फोन आला. तो धापा टाकत होता.

"ताई, बाई झोपून होती सकाळपासून. सासू म्हने थकली असंल, झोपू द्या. हिरड्यातून रक्त येऊन राह्यलं होतं, उशी लाल झाल्ती. जीपमध्ये घातलं, पुसदले निंगालो. तिची याडी, माय तिची, मांगं रडून राह्यली." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "ताई, तुमी लॅबच्या का? मंग मेल काहून नाही आला?"

"सांगते मी तुम्हाले. आधी पोचा."

बबिता वाचली. नऊ दिवस दवाखान्यात होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे सांगण्यासारखं चांगलं फार थोडं आहे.

चारच्या पुढे रजतनं फोन करून सेटिंग काढल्याचं सांगितलं. "आता नीट जातायत. तू कोणाला फोन केलेस का?"

"चार जणांना."

तो म्हणाला, "हे तू मला सांगितलं नाहीस, असं मी धरतो."

फोन ठेवल्यावर तिला जे सुचलं ते तोवर सुचलं नव्हतं, आणि का सुचलं नाही याचं तिला अजून नवल वाटतं. आज पुसायची ओळ बंद होती म्हणून हे चार मेल राहिले. कालपर्यंत ती चालू होती. तिनं नोंदी उघडल्या. चोवीस सप्टेंबर ते अकरा ऑक्टोबर. चार, चार, पाच, चार, चार, सहा. वहीवर रेघा ओढत ती चारच्या वरचे मेल मोजत गेली. एक्केचाळीस झाले. एक्केचाळीस माणसांच्या सूचना तिच्या प्रोग्रॅमनं अर्ध्या तासाच्या आत पुसून टाकल्या होत्या, परत न मिळतील अशा. नोंदीत नुसता आकडा होता, नावं नव्हती. अठरा दिवस रोज हिरवी खूण, खाली तिचं नाव.

संध्याकाळी नागपूरहून ट्रॅव्हल्स परतल्या. निळे झेंडे, पोरांचा कालवा, दारं उघडल्याचे आवाज. मी नागोरावांकडे सोनं द्यायला गेलो तर दोघं बापलेक दिवा न लावता बसले होते. मला वाटलं घरात कोणी गेलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा सगळं कळलं.

सोमवारी कंपनीची मीटिंग झाली. तिथे याला 'सेटिंगची चूक' म्हटलं गेलं. दुरुस्त झाली आहे, बाहेर कुठे बोलायचं नाही. अर्पितानं विचारलं, ते एक्केचाळीस कोण ते लॅबच्या रेकॉर्डवरून काढता येईल, काढू या का? वरचे साहेब म्हणाले, तो लॅबचा विषय आहे, योग्य वेळी त्यांना कळवू. तिनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर उत्तरच आलं नाही.

मग तिनं भीमसिंगला सगळं खरं सांगितलं. 'पुसणारी ओळ माझी होती,' हेही सांगितलं. तो तिच्यावर ओरडला. फोन ठेवून दिला. अर्ध्या तासानं स्वतःच परत लावला आणि म्हणाला, "आमच्या केंद्रवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप हाये. सांगा काय पाह्यचं."

रिपोर्ट वेबसाइटवर होतेच. लाल आकडे तिथे पडून होते, मेल आला नाही म्हणून कोणी उघडून पाहिले नव्हते. अकरा केंद्रांच्या लोकांनी मागच्या तारखा काढून एकेक नाव शोधलं. अर्पिता वहीत लिहीत गेली. पाच दिवसांत एकोणचाळीस माणसांचा पत्ता लागला. बरीचशी माणसं तब्येत बिघडल्यावर आपणहून दवाखान्यात गेली होती. काही सोयाबीन सोंगत वावरात सापडली, त्यांना तिथून उचलून नेलं. एका बाईला ऐकूनही पटेना, मला काही होत नाही म्हणे, तिच्या जावयानं तिला जबरदस्तीनं गाडीवर बसवलं. तिघं वारली होती. त्यातली दोघं आधीपासूनच मोठ्या दवाखान्यात भरती होती, मेल मिळाला असता तरी फरक पडला नसता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तिसरे वामनराव टेकाम. राहणार मुकुटबन, वय अठ्ठावन्न.

त्यांच्या घरी जायचं तिनं ठरवलं. नागोरावांना एवढा प्रवास झेपला नसता, म्हणून मी सोबत गेलो. दिग्रसहून यवतमाळ, तिथून वणी, वणीहून मुकुटबन. सकाळी सहाला निघालेलो, पोचायला दुपार झाली. वणीच्या स्टँडवर मी चहा आणला तर तिनं कप हातात धरून ठेवला आणि गाडी लागल्यावर तसाच ओतून दिला.

टेकामांचं घर गावाच्या टोकाला. अंगणात कापसाची गाठोडी, एका बाजूला वामनरावांची सायकल भिंतीला टेकलेली. त्यांची बायको लीलाबाई आणि मुलगी जया घरी होत्या. जया आशा वर्कर होती, तिशीची असेल. आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. आम्ही लॅबकडून आलो आहोत असं त्यांना वाटलं.

"तुमच्या वडिलांचं रक्त सहा तारखेला घेतलं होतं," अर्पिता म्हणाली.

"हो. किडनीचा त्रास होता त्यायले. महिन्याले तपासत होतो." जया म्हणाली, "रिपोर्टचं काही आलं नाही म्हून आम्ही निवांत होतो. आठ तारखेले सकाळी चप्पल घालता घालता इथं खाली पडले. हार्ट बंद पडलं म्हनाले डॉक्टर."

"त्यांचं पोटॅशियम सात पॉइंट एक होतं."

जयाला तो आकडा कळला; पोटॅशियम एवढं वाढलं की हृदय थांबू शकतं. मी तिच्याकडे बघत होतो, मला दिसलं. तिनं आईकडे पाहिलं नाही. तिनं हळूच विचारलं, "कधी कळलं होतं हे?"

"सात तारखेले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मेल निघाला, वेबसाइटवर वेळ आहे."

"आमच्या सेंटरले?"

"निघाला तुमच्या सेंटरच्या नावानं. पोचला माह्या टेस्टच्या इनबॉक्समध्ये."

"मंग तुमी काय केलं त्याचं?"

"अडीच वाजता पुसला," अर्पिता म्हणाली. "मी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं. मी वाचलाही नाही."

लीलाबाईंना ऐकू कमी येत होतं बहुतेक, त्या एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. "काय म्हनते वं ते पोरगी?" त्यांनी जयाला विचारलं. जया म्हणाली, "आई, मागून सांगतो तुले." मग ती घरात गेली. मला वाटलं आता ती काहीतरी घेऊन मारायला येते. ती एक शाळेची वही आणि पेन घेऊन आली. अर्पितासमोर ठेवली.

"आता बोलल्या ते लिहून द्या. सगळं. तारीख, टाइम, कंपनीचं नाव. सही करा."

मी अर्पिताच्या हाताला हात लावला. थांब म्हणायचं होतं मला, वकिलाला विचारू म्हणायचं होतं. तिनं माझा हात बाजूला केला आणि लिहायला घेतलं. चार पानं लिहिली. शेवटी सही केली. जयानं प्रत्येक पान वाचून पाहिलं. आम्ही उठलो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

त्यानंतरचं भराभर झालं. जयानं ती पानं जोडून जिल्ह्याला तक्रार दिली. आठ दिवसांनी कंपनीनं अर्पिताला काढलं, कारण लिहिलं की रुग्णांची गोपनीय माहिती बाहेर दिली. वकिलाची नोटीस आली. लॅबनं आपला कंपनीशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं आणि पुन्हा फोन करायला माणूस ठेवला. कॉलनीत लोक कुजबुजू लागले. नागोराव सकाळी फिरायला जायचे ते बंद झाले.

जानेवारीत यवतमाळला चौकशी बसली. मी आणि भीमसिंग बाहेरच्या बाकावर होतो, पण दार उघडंच होतं. रजत आला होता, त्यानं अर्पिताकडे पाहिलं नाही. कंपनीच्या वकिलानं एक जाड फाइल टेबलावर ठेवली. त्यात तिच्या रोजच्या चाचण्यांचे अहवाल होते.

"या खाली नाव तुमचंच आहे का?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"हो."

"यात सगळीकडे 'सूचना बरोबर जात आहेत' असं लिहिलंय."

"हो. माह्या चार खोट्या माणसांच्या बरोबर जात होत्या."

"मग खऱ्यांचं काय ते तपासायचं काम कोणाचं होतं?"

"कोणालाच दिलं नव्हतं, सर. मला दोनदा शंका आली होती. मी तेव्हा पाहायला पाहिजे होतं."

वकिलानं ते वाक्य शब्दशः उतरवून घ्यायला सांगितलं. आमच्या समोरच्या बाकावर जया बसली होती. ती ऐकत होती, तिचा चेहरा मात्र मला वाचता आला नाही. चौकशीचा अहवाल अजून आलेला नाही. जयानं कोर्टातही केस टाकली आहे. तारीख पडली की ती अर्पिताला मेसेज करते, तारीख आणि वेळ, बाकी एक अक्षर नाही. अर्पिता प्रत्येक तारखेला जाते. एरवी दिग्रसच्या एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवते. पुण्याच्या कुठल्याच कंपनीनं तिला पुन्हा बोलावलं नाही. ती वेबसाइट मात्र दुसऱ्या एका लॅबनं घेतली आहे, असं मध्यंतरी रजतनं तिला कळवलं. तिथे चाचणी कोण करतं ते त्यालाही माहीत नव्हतं, तोही आता त्या कंपनीत नाही.

आणि ती दोन माणसं राहिलीच. रामलाल जाधव, वय चव्वेचाळीस, आणि शीला आडे, वय तीस. दोघं महागावकडच्या एकाच तांड्याची. रामलालची किडनी जवळजवळ बंद पडत आलेली, शीलाचं हिमोग्लोबिन चारच्याही खाली. त्यांना शोधत भीमसिंग त्या तांड्यावर पोचला त्याच्या दोन दिवस आधी दोघांची घरं टोळीसोबत ऊसतोडीला निघून गेली होती. दोघांनाही केंद्रावरून सांगितलेलं होतं, मेल नाही आला म्हणजे घोर नाही. मुकादमाचा नंबर मिळाला, तो म्हणाला ते माझ्या टोळीत टिकले नाहीत, दुसऱ्या कारखान्याकडे गेले. कोणत्या ते त्याला सांगता आलं नाही. रामलालचा मोबाइल बंद लागतो. शीलाच्या नावावर मोबाइल नव्हताच.

अर्पिता रोज सकाळी क्लासला जायच्या आधी रामलालचा नंबर लावते. साखर कारखान्यांची यादी काढून तिनं एकेका शेतकी ऑफिसला फोन केले, काहींनी ऐकून घेतलं, काहींनी ठेवून दिला. गुढीपाडवा होऊन गेला, टोळ्या परतायला लागल्या आहेत. तांड्यावर घरं उघडू लागली आहेत. भीमसिंग परवा जाऊन आला. त्या दोन दारांना कुलूप आहे, आणि शेजारच्यांनाही काही माहीत नाही. अर्पितानं त्याला आठ दिवसांनी पुन्हा जायला सांगितलं आहे.